काळ्या शिडाचं माप

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कुसगावात माझं शिवणाचं मशीन होतं. शाळेचे गणवेश, परकर, बंगल्यांचे पडदे, जे येईल ते शिवायची. माझ्या हातचं काही आखूड झालं असं कुणी म्हटलं नाही, कारण प्रत्येक कपड्यात मी दोन बोटं माया ठेवायची. शिवणीच्या आत दाबलेलं जास्तीचं कापड म्हणजे माया. अंग भरलं की उसवून वाढवता येतं. गिऱ्हाइकाचं कापड मारणाऱ्या शिंप्यांशी मी भर बाजारात भांडलेली होते. आपण देणाऱ्यातले, असा मला ताठा होता.

दसऱ्याच्या सुमारास एक साहेब दुकानात आले. रेल्वेतून निवृत्त होऊन लोणावळ्याच्या बंगल्यात एकटेच राहायचे. मागून त्यांच्या बंगल्याची राखण करणारे आबा, खांद्यावर चार फुटांची, खेळातली लाकडी नाव घेऊन.

"वाईच जागा करा बाई," आबा म्हणाले. "सायेब लय जपत्यात हिला."

साहेबांना शीड शिवून हवं होतं, आणि तेही काळं. काळं कशाला, अवसेला सोडणार का, असं मी फटकन विचारलं. ते हसले. मग सरळ सांगितलं. नजरेच्या मधोमध डाग पडला होता आणि तो पसरत होता. उरलेली नजरही वर्षभरात जाईल, असं पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. पाण्यावर ऊन चमकलं की पांढरं शीड त्यांना दिसेनासंच व्हायचं. दिवाळीनंतर मुंबईचे चार मित्र आपापल्या नावा घेऊन तुंगार्लीच्या तलावावर शर्यतीला यायचे. गेली दोन वर्षं साहेबांची नाव अर्ध्या वाटेत हरवून काठच्या गवतात घुसली होती.

"पाण्यात पलीकडे तरंगत ठेवतात त्या खुणेला वळसा घालून एकदा परत आणायची आहे," ते म्हणाले. "डोळे आहेत तोवर."

मला माणूस आवडला. रडगाणं नव्हतं.

माप घ्यायला बंगल्यावर गेले तर व्हरांड्यात आणखी दोन नावा. साहेबांनी मला त्यांच्या जाती समजावल्या. सगळ्यात धाकटी छत्तीस इंची. ती ठरलेल्या मापाच्या पेटीत बसली की झालं. दुसरी दहा रेटर जातीची. तिच्यात लांबी वाढवली तर शीड कमी करायचं. हे मला चटकन पटलं. बाह्या लांब हव्यात तर कापड दुसरीकडून काढावं लागतं, हे मी बायकांना रोज सांगत होते. दुकानात आणलेली शर्यतीची नाव ती मार्बलहेड. लांबी पन्नास इंच, दोन्ही शिडं मिळून आठशे चौरस इंच, बाकी ज्याचं त्याने ठरवावं. तिच्या पोटात बॅटरी आणि दोन छोटी यंत्रं होती, एक सुकाणू फिरवणारं, एक शिडाची दोरी ओढणारं. साहेब गळ्यात वायरलेसची पेटी अडकवायचे आणि काठावरून दोन दांड्यांनी नाव चालवायचे. पेटीला सरकारी परवाना लागतो म्हणे. वारा मात्र फुकटचा.

छत्रीचं काळं नायलॉन आणलं. साहेबांनी दिलेला मोठ्या शिडाच्या मापाचा कागद त्यावर ठेवला, खडूने आखलं, आणि कापताना हात आपोआप रेषेबाहेर गेला. पाण्यात जाणारं कापड, आटणारच. मागच्या कडेला बोटभर जास्त सोडलं. छत्री कधी आटते का, हा विचार काही माझ्या डोक्यात आला नाही.

शर्यतीच्या दिवशी मी मुद्दाम तलावावर गेले. आपलं शिवण पाण्यावर बघायचं होतं. पाहुण्यांपैकी एकजण चटईवर बसून प्रत्येक शिडाला पट्टी लावत होते. आमच्या शिडाला त्यांनी दोनदा पट्टी लावली आणि मान हलवली.

"मोठं आहे. या वर्गात उतरवता येणार नाही."

माझं डोकं फिरलं. "आवो, लोक कमी दिलं म्हनून भांडत्यात. मी जास्त दिलंय!"

"कमी चाललं असतं, बाई," ते शांतपणे म्हणाले.

साहेबांनी वाकून पिशवीतून जुनं पांढरं शीड चाचपून काढलं. त्या शिडाने नाव पाण्यात गेली असती, पण त्यांना दिसली नसती. मला फार लाज वाटली. चांगुलपणाच्या तोऱ्यात मी त्या माणसाचा शेवटचा मोका घालवला होता.

"त्ये ठेवा आत," मी म्हटलं. उसवायचं ब्लेड माझ्या बटव्यात कायम असायचं. शीड चटईवर पसरलं, साहेबांच्या पिशवीतला मापाचा कागद ठेवला आणि रेषेवरून सरळ कापलं. नायलॉनचे धागे लगेच सुटायला लागले. दुमडायला जागा नव्हती. मी आबांकडे हात केला.

"तुमची इडी द्या."

"आता बाईमानसाला इडी कशापायी?" म्हणत आबांनी तोंडातली विडी दिली. तिच्या निखाऱ्याने मी कड टिपत गेले. कापड वितळून बसत गेलं, वास घाणेरडा सुटला. पुन्हा पट्टी लागली. या वेळी मान दुसऱ्या तऱ्हेने हलली.

पाचही नावा सुटल्या. चकाकत्या पाण्यावर आमचं काळं शीड ठळक दिसत होतं. साहेब जाताना चौथे होते, पण खुणेपाशी त्यांनी स्वतः वळण घेतलं. "वळली! बघितलंत, वळली!" ते ओरडले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात घाटाकडून ढग आला. चमक गेली, पाणी काळं पडलं आणि काळं शीड त्यात बुडाल्यासारखं झालं. साहेबांचे हात दांड्यांवर थांबले.

"बाई," ते हळूच म्हणाले, "कुठे आहे?"

मला दिसत होती. "डावीकडं घ्या. आजून. बास. आता सरळ येऊंद्या." पट्टीवाले पाहुणे आपली नाव काठाला लावून शेजारीच उभे होते. असं वाट सांगणं नियमात नव्हतं, पण त्यांनी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं वहीत डोकं घातलं. गवताच्या दोन हात अलीकडून नाव काठाला लागली. पाचवी आली. तरी आबांनी टाळ्या पिटल्या.

पुढच्या दसऱ्याला साहेब पुन्हा दुकानात आले ते आबांच्या खांद्यावर हात ठेवून. डॉक्टर खरे ठरले होते. खुर्ची लागल्यावर ते बसले आणि म्हणाले, नवीन शीड हवं. मी सवयीने विचारलं, कापड काळंच आणू ना?

"रंग तुम्ही ठरवा," ते म्हणाले. "आता बघायचं तुम्हाला आहे."

उन्हातही दिसेल आणि ढगातही, असं पिवळं मी आणलं.