डब्यावर नाव नव्हतं

रोहनचा फोन आला तेव्हा मी बेसिंगस्टोकमधल्या सुपरमार्केटच्या कार पार्कात पिशव्या गाडीत ठेवत होतो. "काका, बाबा गेले," तो म्हणाला. माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत त्याने पुढचं विचारलं, "काका, तुम्ही तो पावडर घेता का? नागपूरवाला?" मला वाटलं, दुःखाने पोराचं डोकं फिरलंय. नाही रे, मी म्हटलं. "शुअर ना? घेत असाल तर एकदम स्टॉप करू नका. प्लीज. आधी तुमच्या डॉक्टरला विचारा." मग मात्र तो रडायला लागला. सुधाकरला जाऊन आता दोन महिने होत आले, पण त्या फोनमधलं ते दुसरं बोलणंच माझ्या कानात जास्त घुमत राहतं.

सुधाकर आणि मी तरुणपणी ब्रिस्टलच्या एकाच कारखान्यात लागलो. विमानांचे सुटे भाग तिथे बनत. मी लवकरच संगणकाच्या कामाला पळालो, तो निवृत्तीपर्यंत धातूंच्या चाचणीतच राहिला. साधा बोल्ट असला तरी तो कुठल्या धातूचा, कुणी ओतला, कुणी तपासला, हे कागदावर दिसल्याशिवाय सुधाकर त्याला विमानाच्या जवळपास फिरकू देत नसे. दर एप्रिलला आमच्या मंडळात जयंतीचा कार्यक्रम व्हायचा आणि त्यात सुधाकरचं भाषण ठरलेलं. कुणी मोठ्याने सांगितलं म्हणून मानू नका, आधी पारखा... हे तो इतक्या पोटतिडकीने सांगायचा की मागच्या रांगेतली पोरंही फोन खाली ठेवायची. मी त्याला चिडवायचो, "अरे, वहिनींनी केलेली भाजी तरी चाचणीशिवाय खातोस ना?" तो हसायचा. "ती रोजच सर्टिफाइड असते!"

अशा माणसाने आयुष्यात एकच गोष्ट न पारखता घेतली. त्याचे थोरले भाऊ नागपूरला असतात. स्वतःचं शिक्षण सोडून त्यांनी सुधाकरला शिकवलं होतं. सुधाकरचे गुडघे धरले तेव्हा त्यांनी एका वैद्याकडची पूड पाठवली. इकडे येणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत कुणाचं तरी मेतकूट, कुणाच्या तरी कुरडया असतातच, त्यात ही पिशवीही येऊ लागली. स्टीलच्या एका छोट्या डब्यात ती ओतायची आणि रोज सकाळी एक चमचा कोमट पाण्यातून घ्यायची. सुंठेसारखा वास यायचा. गुडघे खरंच मोकळे झाले. वर्षं गेली, पिशव्या येत राहिल्या. सुधाकरचा चेहरा गोल झाला, गालांवर तकाकी आली. "म्हातारपणी बाळसं धरलंस की रे," असं आम्ही म्हणत होतो. हाताला जरा काही लागलं की काळानिळा डाग पडायचा, त्यावरही आम्ही वहिनींचं नाव घेऊन विनोद करायचो. आज त्यातला एकही विनोद मला सहन होत नाही.

रोहन हा त्याचा एकुलता एक मुलगा. अमेरिकन फुटबॉल खेळायचा, नुसता हौसेने नाही, पगार घेऊन. युरोपात या खेळाची एक छोटी व्यावसायिक लीग चालते, तिच्यात आमच्या इथला एक क्लब आहे. मला तो खेळ कधी समजला नाही. क्षणभर धडकायचं आणि मग बराच वेळ उभं राहून चर्चा करायची, आमच्या मंडळाच्या मीटिंगसारखं. पण सुधाकर एकही सामना चुकवत नसे. गेल्या मोसमात क्लब पहिल्यांदाच प्लेऑफच्या, म्हणजे बाद फेरीच्या, उंबरठ्यावर आला. शेवटचे दोन सामने उरले होते, दोन्ही जिंकले तरच पुढे जाणार. आणि नेमका रोहनचा खांदा सुजला.

त्या सकाळी मी त्यांच्या घरीच होतो. सुधाकरने डबा काढला आणि चमचाभर पूड पाण्यात ढवळली. रोहन पेल्याकडे बघत राहिला. "बाबा, याच्यावर लेबल कुठे आहे? मला सगळा डिक्लेअर करायला लागतो."

"लेबल कसलं? भाऊकाकांनी पाठवलंय," सुधाकर म्हणाला.

त्या घरात या वाक्याच्या पुढे प्रश्न नव्हता. रोहन प्यायला. दुपारी तो असा खेळला की मलासुद्धा खेळ समजल्यासारखं वाटलं. सामना संपल्यावर गळ्यात ओळखपत्र घातलेली एक बाई शांतपणे त्याच्यापाशी येऊन उभी राहिली. उत्तेजक चाचणीसाठी त्याचं नाव निघालं होतं. सुधाकर माझ्याकडे वळून अभिमानाने म्हणाला, "चांगलं आहे. तपासायलाच पाहिजे."

नमुन्यात स्टेरॉइड सापडलं. सूज उतरवणारं होतं, स्नायू फुगवणारं नव्हे, पण तेवढा फरक वाचायला कुणाला सवड असते? रोहनला तात्काळ बाजूला केलं. प्रतिस्पर्धी क्लबने सगळा संघच औषधांवर खेळतो असा आरोप केला. ऑनलाइन लोकांनी जे लिहिलं ते वहिनींच्या नजरेस पडू नये म्हणून रोहनने त्यांचा फोन काढून घेतला. त्याच्याशिवाय उतरलेला क्लब शेवटचा सामना हरला आणि प्लेऑफचं दार बंद झालं. ज्यांच्यासोबत तो इतकी वर्षं घाम गाळत होता, त्यांतले निम्मे त्याच्याशी बोलेनासे झाले.

सुनावणीत रोहनला वाचवायचं तर पूड कुठून आली हे सुधाकरला सांगावं लागणार होतं. त्याने ती प्रयोगशाळेत तपासायला दिली. आणि तपासायला देतोय हे भाऊंना फोन करून सांगितलं, न सांगता देणं त्याला चोरी वाटली असती. स्पीकरवर भाऊंचा थकलेला आवाज आला, "माझ्यावर संशय घेतोस, सुधा?" सुधाकरने फोन जवळ ओढला. मग म्हणाला, "तुमच्यावर नाही, भाऊ. पण पोरगा माझा आहे." निकाल आला. पुडीत तेच स्टेरॉइड, भरपूर. वैद्याने भाऊंनाही फसवलं होतं. समितीने रोहनचं म्हणणं मान्य केलं आणि बंदी काही महिन्यांवर आली. रोहन लबाड नाही, हे आता जगजाहीर होतं.

प्रयोगशाळेचा निकाल आला त्याच दिवशी सुधाकरने डबा कचऱ्यात रिकामा केला आणि घासून पालथा घातला. "आजपासून बंद," तो म्हणाला. आम्हाला सगळ्यांना सुटल्यासारखं वाटलं. मी तर त्याच्या पाठीवर थाप मारली... इतके महिने वकील, डॉक्टर, आम्ही सगळे रोहनने घेतलेल्या त्या एका चमच्याबद्दल बोलत होतो. सुधाकर तोच चमचा वर्षानुवर्षं रोज घेत होता, तो गोल चेहरा, ते काळेनिळे डाग त्यानेच आले होते, हे आमच्यासमोर असून कुणाच्या डोक्यात आलं नाही.

इतकी वर्षं स्टेरॉइड बाहेरून मिळत गेलं की शरीर ते द्रव्य स्वतः बनवायचं विसरतं. ते हळूहळू कमी करायचं असतं, एकदम तोडायचं नसतं. हे मला आता माहीत आहे. तेव्हा एवढंच दिसत होतं की सुधाकर खचलाय. जेवण जाईना, खुर्चीतून उठला की चक्कर यायची. शेवटचा भेटलो तेव्हा गोल चेहरा पार उतरला होता, मला दारापर्यंत पोचवायलासुद्धा तो भिंत धरून आला. "मनाला लावून घेऊ नकोस," मी म्हटलं. "मनाचं नाही रे," तो म्हणाला, "अंगातलं काहीतरी संपल्यासारखं वाटतं." मी ते उदास माणसाचं बोलणं समजलो. तो चाचणीवाला होता, तेव्हाही अचूकच सांगत होता.

पुढच्याच आठवड्यात छातीत कफ झाला आणि एका सकाळी तो स्वयंपाकघरात कोसळला. पुढचं मला शालिनीवहिनींनी सांगितलं. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, हे कधी स्टेरॉइड घेत होते का? वहिनी एकदम ताठ झाल्या. हा शब्द त्यांनी महिनोन्‌महिने मुलाच्या नावाशी जोडलेला ऐकला होता. "नो. नेव्हर. आमच्या घरात कुणीच नाही," त्या म्हणाल्या. रोहन तेव्हा गाडी लावून येत होता. तो आत आला, कुणीतरी तोच प्रश्न त्याला विचारला. "येस," तो म्हणाला. "रोज. टिल लास्ट मंथ." मग धावपळ झाली, इंजेक्शनं झाली... पण कफ फुफ्फुसांत पसरला होता आणि वेळ हातातून गेली होती.

परवा ब्रिस्टलला गेलो होतो. रोहनची बंदी संपत आलीय, क्लबने परत बोलावलंय, तो अजून हो म्हणालेला नाही. स्वयंपाकघरात गेलो आणि थबकलो. मांडणीवरच्या प्रत्येक डब्यावर लेबल होतं. हळद, जिरं, मेतकूट, साबुदाणा, वाकड्यातिकड्या देवनागरीत रोहनने लिहिलेलं, खाली कुठून आणलं तेही. शेवटी तो छोटा डबा. मी झाकण काढलं. आत चमचा होता आणि इतका घासूनही सुंठेचा वास होता. त्याच्यावर मात्र काहीच लिहिलेलं नव्हतं.

रोहन मागे येऊन उभा राहिला. हातात पेन होतं.

"काका," तो म्हणाला, "याच्यावर काय लिहायचा?"

मी झाकण लावलं आणि डबा होता तिथे ठेवून दिला.