पत्र आलं नाही म्हणून

"फोकल एपिलेप्सी," डॉक्टर म्हणाल्या. जर्मनीतल्या ब्योब्लिंगेनमधली बुधवारची सकाळ होती. मी पहिला प्रश्न आजाराबद्दल विचारला नाही. विचारलं, "गाडी चालवता येईल ना?"

फोकल एपिलेप्सी म्हणजे मेंदूच्या एका भागातून सुरू होणारी फिट. मी कधी पडले नाही, तोंडाला फेस आला नाही. फक्त पंधरा-वीस सेकंद मी तिथे नसायचे. हे पहिल्यांदा माझ्या नवऱ्याला, निखिलला, नाश्त्याच्या वेळी दिसलं. हातातला कप कलत गेला, चहा पोह्यांवर सांडला आणि मी समोर बघत राहिले. "झोप झाली नाही," मी म्हटलं. दोनदा हेच म्हटलं. तिसऱ्यांदा ऑफिसच्या मीटिंगमध्ये झालं, तेव्हा निखिलचं ऐकून डॉक्टरांकडे जावं लागलं.

मग तपासण्या. ईईजी, म्हणजे डोक्याला तारा चिकटवून मेंदूतली विजेची हालचाल टिपायची. एमआरआय, म्हणजे नळीत झोपवून मेंदूचे फोटो काढायचे. त्या मशीनचा आवाज इचलकरंजीच्या मागांसारखा. मी त्या खटखटीत वाढलेली, माझा चक्क डोळा लागला.

माझे वडील, अण्णा, यंत्रमागावर कामाला होते. घरात पदवी घेतलेली मी पहिली. गल्लीतले लोक कागद वाचून घ्यायला माझ्याकडे यायचे. गाडी चालवणारीही मीच पहिली. जर्मन लायसन्स दुसऱ्या प्रयत्नात मिळालं, तेव्हा अण्णांनी त्याचा फोटो मोबाईलच्या पडद्यावर लावला. तो अजून आहे.

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि एक कागद पुढे केला. "गाडी चालवायची नाही. निदान एक वर्ष एकही फिट न येता जायला हवं. हे मी तुम्हाला सांगितलं, याची इथे सही करा."

"तुम्ही लायसन्स ऑफिसला कळवणार?"

"नाही. पेशंटची माहिती बाहेर सांगायची मला मनाई आहे, आणि कळवण्याची सक्ती नाही. न चालवण्याची जबाबदारी तुमची."

मी शब्दन् शब्द वाचून सही केली. पण डोक्यात भलतंच बसलं. जर्मनीत दहा वर्षं काढलेल्या आपल्या लोकांना एक सवय लागते: पत्र आलं की गोष्ट खरी. शाळेचं पत्र, घरमालकाचं पत्र, कचऱ्याच्या डब्याचंसुद्धा पत्र. मी रोज पत्रपेटी उघडून बघायचे. लायसन्स ऑफिसचं काही आलं नाही. पाच आठवडे फिटही आली नाही. मी मनाशी ठरवलं, खरंच धोका असता तर सरकारने लिहिलं असतं.

शनिवारी निखिल बाहेर होता. सहा वर्षांच्या स्वराला पोहण्याच्या क्लासला सोडायचं होतं. मी किल्ली घेतली.

पुढचं मला आठवत नाही. भान आलं तेव्हा गाडी फुटपाथला घासून थांबली होती आणि मागे कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. सिग्नल आमच्या मागे राहिला होता. कुणाला काही झालं नव्हतं. मागच्या सीटवरून स्वरा हळूच म्हणाली, "ममा, दास वार रोट." म्हणजे, तो लाल होता.

निखिल येऊन गाडी घेऊन गेला. रागावला नाही, त्याचाच मला जास्त त्रास झाला.

सोमवारी मी सगळं डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "पुन्हा चालवणार?"

"नाही."

"मग मला कुणाला कळवायची गरज नाही. पण समजावूनही तुम्ही चालवतच राहिला असता, तर इतरांच्या जिवासाठी मी कळवू शकले असते. आधी तुम्हाला सांगून." मग गोळीचा डोस वाढवला.

त्या संध्याकाळी अण्णांना फोन करून सगळं सांगितलं. पत्र आलं नाही, हे मी जरा तोऱ्यातच सांगितलं असावं.

"धागा तुटल्यालं कुणाला दिसतंय? मागावर उभा असतोय त्याला. तवा माग थांबवायला मालकाची चिठ्ठी लागती व्हय गं?" अण्णा म्हणाले. "एवढी शिकलीस आन् चिठ्ठीची वाट बघत बसलीस?"

चौथी शिकलेल्या माणसाने तो कायदा मला एका वाक्यात समजावला होता.

तुमच्यावर ही वेळ आली तर आधी डॉक्टरांना गाडीबद्दल विचारा, काही झालं असेल तर लपवू नका. आणि पेटीकडे बघत बसू नका. पत्र येणार नाही.

आता आठ महिने झाले. फिट नाही. लायसन्स माझ्याच पाकिटात आहे, किल्ली दाराजवळ खिळ्याला. ती कुणी लपवलेली नाही, मीच तसं सांगितलं. शनिवारी स्वरा आणि मी बसने जातो. त्या सिग्नलपाशी ती माझा हात घट्ट धरते, दिवा हिरवा होईपर्यंत वर बघत राहते आणि मग म्हणते, "ग्र्युन, ममा. चल."

ती म्हणाली की मी निघते.