मंदिरामागची भेग

बारावीनंतरच्या जूनमध्ये मी पुसद सोडलं. वडील, आमचे बापू, मला नागपूरच्या बसपर्यंत सोडायला आले होते. मी भूशास्त्राला प्रवेश घेतला होता. "जमीन शिकायले चालली," खिडकीखाली उभे राहून ते म्हणाले, "जमीन तं इथंच होती." कंडक्टरनं घंटी वाजवली. बापू आता नाहीत. त्यांनी बांधलेलं घर पुसदजवळच्या आमच्या बंजारा तांड्यात आहे आणि त्यात माझी आई, याडी, राहते.

मी डेहराडूनला असते. जेवणात राजमा-चावल, बोलण्यात दिवसभर हिंदी. आमचा गट हिमालयाच्या पायथ्याचे प्रस्तरभंग अभ्यासतो, म्हणजे खडक जिथं तुटून सरकतो त्या जागा. खडकात रोवलेल्या खांबांवर उपग्रहांचे संदेश घेणारी यंत्रं असतात. खांब किती सरकला ते वर्षानुवर्षं पाहायचं. त्याआधीचा काळ वाचायला चर खणावा लागतो. भिंत खरवडून साफ करायची, दोऱ्यांच्या चौकटी बांधायच्या. थर तुटलेला असेल तर भूकंप त्यानंतरचा. त्यावरचा थर अखंड असेल तर भूकंप त्याच्या आधीचा. थरातल्या कोळशावरून वय काढतात.

गेल्या वर्षी हिवाळ्यात पुसदकडे, आमच्या तांड्याच्या भागात, भूकंपाचा सौम्य धक्का जाणवला. उन्हाळ्यात तांड्यातल्या मंदिरामागच्या पटांगणात लांब भेग पडली. काळ्या रानाला दर उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यांना कोणी भीत नाही. पण पटांगण मुरमाचं होतं आणि मुरूम असा फाटत नाही. तांड्याच्या प्रमुखांनी, नायकांनी, बैठक बोलावली. तांडा नाल्यापलीकडे न्यायचं ठरलं. आमची माणसं पूर्वी बैलांवर माल वाहायची. तांडा उठला की सगळा उठायचा, मागं कोणी राहत नसे. नायकांनी स्वतःचं घर आधी हलवलं. पाठोपाठ बरीच घरं गेली.

याडीचा फोन आला. आमची घरची बोली गोरबोली. इथं सगळ्यांचं बोलणं मराठीत देते. "तू येऊन पाह्य. जमीन फाटली असन तं मी उठीन. नसन तं ह्या घरातून मले कोणी उठवू नये."

मी गेले. भेगेला आडवा, पुरुषभर खोल चर खणून घेतला. लोक काठावर उभे होते. वर वीतभर मुरूम. त्याखाली काळा गाळ; भेग त्यात अरुंद होत गेली आणि संपली. त्याच्याखाली मूळ मुरूम, कुठंही न तुटलेला. गाळात फुटक्या बांगड्या आणि गुटख्याच्या पुड्या निघाल्या. थर माणसांनीच टाकलेला होता आणि जुना नव्हता.

तांड्याचे कारभारी खाली वाकून पाहत होते. "नायक, तुह्या पोराच्या लग्नात मांडवासाठी तलावातला गाळ टाकला नोता का इथं? वरून मुरूम दाबला."

"मंग बैठकीत काहून नाई बोलला?"

"तू बोलू देशीन तवा."

लोक हसले. नायक हसले नाहीत. ते माझ्याकडे वळले. "म्हंजे भूकंप होत नाई म्हणतं का, पोरी?"

"ही भेग भूकंपाची नाही, काका. गाळ वाळून फाटला. भूकंप कधीच होणार नाही, असं मला सांगता येत नाही."

"येवढी शिकून आली न अर्धंच सांगून राह्यली."

"अर्धं तं अर्धं," याडी म्हणाली. "माह्या घराले तेवढं पुरते."

दुसऱ्या दिवशी चर बुजवला. मी डेहराडूनला परतले.

हिमालयाचं सरकणं मोजताना आम्ही दख्खनचा भाग स्थिर धरतो. तो स्थिर नाही. सगळा भारतीय भूपट्ट दर वर्षी काही सेंटीमीटर ईशान्येकडे जातो. पण मोजायचं तर कशाला तरी शून्य धरावं लागतं. आमचा तांडा त्या शून्यात येतो.

पावसाळ्यात भेग बुजली. नायक परतले नाहीत, त्यांच्यामागं गेलेलेही परतले नाहीत. दिवाळीआधी कारभाऱ्यांचं घरही पलीकडे गेलं. नाल्याच्या अलीकडे, मंदिराच्या बाजूला, आता याडीचं एकटीचं घर आहे.

या रविवारी मी फोन केला तेव्हा याडी नाल्यापलीकडे नायकांच्या ओट्यावर बायकांत बसली होती. मागून कोणीतरी तिला थट्टेनं म्हणत होतं, "जाय वो, तुह्यी जमीन वाट पाहून राह्यली." दिवेलागणीला ती नाला ओलांडून घरी आली. आतून कडी लावली आणि मला परत फोन केला.