आधी किंमत सांगू नकोस

अंधेरीतल्या कॉम्प्युटर कीबोर्डच्या दुकानात दर रविवारी आम्ही हौशी मंडळी जमायचो, तिथे एक काका यायचे. टायपिस्ट म्हणून निवृत्त झालेले, एवढंच ठाऊक होतं. नाव कधी विचारलं नाही. खिडकीजवळचं स्टूल मात्र आम्ही त्यांच्यासाठी रिकामं ठेवायचो. कुणी नव्या कीकॅप्स, म्हणजे बटणांवरच्या टोप्या, दाखवायला आणल्या की ते आधी रुमालाने बोटं पुसायचे, मग डोळे मिटून टाइप करायचे. कुणी किंमत सांगायला लागला की थांबवायचे.

"आधी सांगू नकोस रे. बोटं लगेच लाडात येतात."

मी परदेशातून कीकॅप्सचा एक सेट मागवला. तेवढ्या पैशांत दोन कीबोर्ड आले असते, असं बायको म्हणालीही. आता काकांनी तरी वाहवा करावी, असं फार वाटत होतं. त्यांनी डोळे मिटून दोन ओळी टाइप केल्या.

"बऱ्या आहेत."

माझा चेहरा पडला. न राहवून मी किंमत सांगून टाकली.

काका माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पुन्हा रुमाल काढला, स्वच्छच असलेली बोटं नीट पुसली आणि अगदी हलक्या हाताने टाइप करू लागले.

"आहे हां," ते डोळे मिटूनच म्हणाले, "काहीतरी आहे यांच्यात."