आठ जणींचं हनीमून पॅकेज

आमच्या उंब्रजमध्ये बाई घराबाहेर मुक्काम करते ती तीन ठिकाणी: माहेरी, दवाखान्यात आणि देवाला. नुसतं फिरायला, तेही पुरुषमाणूस सोबत न घेता, असं आम्हा बचत गटाच्या आठ जणींनी ठरवलं तेव्हा आठही घरांत एकाच वेळी ठसका लागला. आमचे विलासराव मिलिटरीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेत. त्यांनी चहाचा कप खाली ठेवून निकाल दिला, "पयल्याच मुक्कामाला फोन ईल, न्यायला या म्हून."

झालं, शब्द लागला. आम्ही आठ जणींनी तुळशीपुढे ठरवलं की काही झालं तरी घरी फोन करायचा नाही. फोन गेला असता तर पुढची दहा वर्षं 'तुमच्यानं हुतंय व्हय' हे ऐकत भाकऱ्या थापाव्या लागल्या असत्या आणि पुन्हा कुठं जायचं नाव काढायची सोय उरली नसती.

पॅकेज मी मोबाईलवर शोधलं: सातारा-सांगली, तीन दिवस, दोन मुक्काम, गाडी आणि जेवण धरून. त्यात 'कुटुंब' आणि 'जोडपी' असे दोनच प्रकार होते. जोडप्यांचं स्वस्त होतं. आठ बायका म्हणजे चार जोड्या, असा सरळ हिशोब करून मी बटण दाबलं. ही चूक माझी, सगळ्यांसमोर कबूल करते.

पहिल्या दिवशी घरची मंडळी झोपेत असतानाच निघालो. गाडी सतरा सीटची, एसी म्हणजे उघड्या खिडक्या. पॅकेजमधला नाश्ता म्हणून साताऱ्यात एकेक वडापाव हातात आला. मग यवतेश्वरचा घाट चढून कास. घाट अरुंद आहे, पोटात ढवळणाऱ्यांनी पुढच्या सीटवर बसावं. जाहिरातीत जांभळ्या फुलांचा गालिचा होता. प्रत्यक्षात वाळलेलं गवत आणि त्यात चरणारी एक म्हैस. रखवालदाराला विचारलं तर तो म्हणाला, "ताई, फुलं सप्टेंबरात. तुमी डिसेंबरात आलाय." तुम्ही जाणार असाल तर महिना बघून जा.

म्हशीसोबत फोटो काढून आम्ही मेढ्याला उतरलो. तिथल्या खानावळीतली नाचणीची भाकरी, पिठलं आणि ठेचा हे त्या दिवसातलं पहिलं सुख. पॅकेजमध्ये नव्हतं, म्हणूनच चांगलं होतं.

दिवस कलताना मेढ्याच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या हॉटेलवर पोचलो. दारात फुग्यांची कमान, काउंटरवर गुलाब, सोफ्यावर नवी नवी तीन जोडपी एकमेकांना चिकटून बसलेली. मॅनेजरनं आमच्याकडे पाहिलं, मग आमच्या मागं पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

"मॅडम, हे हनीमून पॅकेज आहे. मिस्टर कुठे आहेत?"

"घरी," मी म्हणाले.

"चार जोडप्यांचं बुकिंग आहे. चौघींचेही घरी?"

"आठजणींचे."

त्याला घाम फुटला. जोडप्यांशिवाय खोली द्यायची नाही असा मालकाचा नियम होता. शेवटी त्यानं तोड काढली: प्रत्येकीनं नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावायचा, नवऱ्यानं 'हो' म्हटलं की किल्ली. एजंटाचा फोन बंद. बाहेर अंधारून येत होतं, थंडी वाढत होती आणि संगीतानं पर्समधून मोबाईल अर्धा बाहेर काढला होता.

तेवढ्यात हिराकाकू पुढं झाल्या. वय शहात्तर, आमच्यातल्या सगळ्यांत थोरल्या. "बाळा, नवऱ्याचं नावच पायजे न्हवं तुला? मग फोन कशाला? ह्या घेत्यात की नाव. घे गं सुनंदा."

मी पदर खोचला आणि सुरू केलं:

"मेढ्याचा तांदूळ शिजवला हंडीत,
विलासराव पांघरूण ओढतात ऐन थंडीत."

सोफ्यावरची जोडपी खुदकन हसली. संगीतानं मोबाईल पर्समध्ये टाकला आणि तिनंही नाव घेतलं:

"दारात उभा ट्रॅक्टर, दिवे त्याला दोन,
आनंदराव जवळ आले की आधी बंद करते फोन."

मग कोण थांबतंय? एकेक उखाणा आधीच्यापेक्षा वाह्यात निघाला. सहावा आणि सातवा इथे लिहिण्यासारखे नाहीत, माझी सासू हा ब्लॉग वाचते. स्वयंपाकी झारा हातात घेऊन बाहेर आला. मॅनेजर कानापर्यंत लाल झाला आणि किल्ल्या मोजू लागला.

"झालं, झालं. आजींचं राहू द्या," तो म्हणाला.

काकूंचं कपाळ मोकळं होतं, म्हणून तो तसं म्हणाला. खरं सांगते, आम्हीही माना खाली घातल्या. काका जाऊन बारा वर्षं झाली, तेव्हापासून आमच्यापैकी एकीनंही त्यांना नाव घ्यायला सांगितलं नव्हतं. लग्नकार्यात आमचे उखाणे सुरू झाले की त्या आपणहून भांड्यांकडे जायच्या.

"का राहू द्या? मला काय नवरा न्हवता?" काकू म्हणाल्या आणि काउंटरवर हात टेकून खणखणीत आवाजात सुरू झाल्या:

"बारा महिने रजेची बघितली मी वाट,
सखारामरावांनी आल्या आल्या मोडली घरची खाट."

मग जो हशा उसळला त्यात मॅनेजरसुद्धा वाकला. चारही किल्ल्या एकदम मिळाल्या.

खोलीत गोल पलंग, त्यावर पाकळ्या आणि टॉवेलचे दोन हंस चोचीत चोच घालून. छताला भलामोठा आरसा.

"वर आरसा कशाला गं?" काकूंनी विचारलं.

"केस विंचरायला," संगीता म्हणाली.

"झोपून केस कोण इंचरतंय? मी काय काल जल्मले व्हय?"

दुसऱ्या दिवशी सांगलीला निघालो. आता भूगोल लक्षात घ्या: साताऱ्याहून सांगलीला जाताना वाटेत आमचंच गाव लागतं. आणि गाडीनं धूर सोडून दम तोडला तो उंब्रजच्या एसटी स्टँडसमोर. समोरच्या टपरीवर विलासराव आणि आनंदराव चहा पीत होते. आम्ही झटकन पडदे ओढले. पण मिलिटरीचा माणूस, बंद गाडी बघून गप्प बसेल कसा? आले आणि ड्रायव्हरबरोबर बॉनेटमध्ये डोकं घातलं.

घर दहा मिनिटांवर होतं. एकजण कुजबुजली, "जाऊया का गं घरी? फोन थोडाच हाय हा."

"घर काय पळून चाललंय व्हय?" काकू म्हणाल्या. "सांगली बघायची हाय मला."

डोक्यावरून पदर नाकापर्यंत ओढून आम्ही आठ जणी मागच्या दारानं एकेक करून उतरलो, आनंदरावांच्या पाठीमागून गेलो आणि कराडची एसटी पकडली. कराडहून सांगलीची गाडी लगेच मिळते. बायकांना अर्धं तिकीट आहे, काकूंना तर फुकट. पॅकेजच्या गाडीपेक्षा हा प्रवास दसपट आरामाचा झाला.

सांगलीतला लॉज साधा आणि स्वच्छ होता, आरसा भिंतीवर. सकाळी गणपतीचं दर्शन घेतलं, भडंगाचे पुडे बांधून घेतले आणि कृष्णेच्या घाटावर पाय सोडून बसलो. तिथं काकू हळूच म्हणाल्या, "बारा वरसं झाली सुनंदा. त्येंचं नाव माझ्याकडनं कुनी मागितलंच न्हाई. मला वाटायचं, इसरलीच सगळी." मला रडू आलं आणि लाजही वाटली. मी त्यांचा हात धरून बसले.

संध्याकाळी एसटीनं घरी आलो. विलासराव अंगणात होते. फोन उशाला घेऊन दोन रात्री काढल्या होत्या आणि न्यायला यायचं म्हणून जीपमध्ये डिझेलही भरून ठेवलं होतं, हे सासूबाईंनीच फोडलं.

"काल इथंच एक बायकांची ट्रिप अडकलीवती," ते म्हणाले. "मी ड्रायव्हरला लय मदत केली. पर बाया काय दिसल्या न्हाईत."

"बिचाऱ्या," मी म्हणाले आणि भडंगाचा पुडा सोडला.

त्यांनी मूठभर खाल्लं. जरा वेळानं, माझ्याकडे न बघता विचारलं, "म्हंजी तीन दिसांत आमची गरज पडलीच न्हाई?"

"पडली की," मी म्हणाले. "नाव घ्यायला."