एका डोळ्याच्या राण्या

मी दारातून आत आले तेव्हा माझ्या सुनेच्या फोटोला झेंडूचा हार घातलेला होता. काचेवर, कपाळाच्या जागी, बुक्क्याचं बोट होतं. सून तेव्हा जिवंत होती. बीडच्या दवाखान्यात पडली होती. आठवा महिना, पहाटेपासून रक्त जात होतं आणि थांबत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रक्ताच्या पिशव्या लागतील, बदल्यात रक्त देणारी माणसं आणा. लेकानं स्वतःचं दिलं आणि तो तिच्यापाशी थांबला. माणसं न्यायला मी जीपनं गावी आले होते.

सर्वपित्री अमावस्या होती. माझी धाकटी जाऊ माझ्याच चुलीपुढं वडे तळत बसली होती.

"हार कुणी घातला?" मी विचारलं.

"म्या. तुमी दवाखान्यात गेल्या म्हनून वडीलधारी उपाशी ठिवायची का अक्का? भाऊजींपासून धरली ती समदी रांग पुसली, बुक्का लावला, हार घातले. फुलं कमी पडली तर दारातली तोडली."

"ही कोण हाय, नीट बघ."

ती पदराला हात पुसत उठली. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. चौकटीला नाक लावून तिनं बघितलं. "तुमच्या त्या राण्यांतलीच हाय की एखादी."

"माझी सून हाय ती."

जाऊ होती तिथंच खाली बसली. कढईतलं तेल धुरायला लागलं होतं, ते मी उतरवलं.

ती अशी कशी चुकली हे कळायचं तर आमची भिंत कशी होती ते सांगायला पाहिजे. आमच्याकडे फोटोला चौकट मिळते ती माणूस गेल्यावर. जिवंतपणीचे फोटो ट्रंकेत, नाहीतर कागदपत्रांच्या पिशवीत. माझ्या मालकांचा फोटो ते गेल्यावर भिंतीवर चढला. त्याच्या शेजारी मी ही छोटी चित्रं लावत गेले.

पहिलं मिळालं शिरूरच्या भंगारवाल्याकडे. मी पेरणीची मोडकी पाभर भंगारात घालायला गेले होते. ढिगात तळहाताएवढी, पितळेच्या रंगाची, अंड्यासारखी लांबट चौकट दिसली. आत एक बाई. एका बाजूनं काढलेली, म्हणून डोळा एकच, पण तो पार कानापर्यंत गेलेला. गळ्यात मोती, नाकापुढं गुलाबाचं फूल.

"मावशी, असली न्हाई बरं का," भंगारवाला म्हणाला. "जुन्या चित्राचा छापा हाय. एक लॉज मोडलं, त्याच्या भिंतीवरचा माल."

"असली राणी घिऊन मला काय करायची?" मी म्हटलं. पाभरीच्या पैशांवर त्यानं ती वर फुकट दिली.

का घेतली ते सांगता येत नाही. चांगली दिसली. माझ्या घरात सूप, टोपली, विळा, पाटा, सगळं कामाचं. बिनकामाची वस्तू ही पहिली. मी चौथी शिकलेली बाई, ती राणी कुठली, कुणाची, मला ठाऊक नाही आणि मी कुणाला विचारलंही नाही.

मग नाद लागला. भंगारवाला माझ्यासाठी बाजूला काढून ठेवायला लागला. पगडीवाला राजा, हातावर ससाणा घेतलेला सरदार, हुक्का ओढणारा जाड्या, आणखी राण्या. सगळे एका डोळ्याचे. शेजारणी हसायच्या.

"हिची मान कावून अशी वाकडी? उशीवर अवघडली का काय?"

"नवऱ्यासंगं भांडली आसंल. त्याच्याकडं बघंना झाली."

सून हसली नाही. ती आणि माझा लेक दर साली कोयत्यावर, ऊस तोडायला जातात. एका साली उसाहून परत येताना तिनं कारखान्याकडच्या बाजारातून दोन चित्रं आणली, लुगड्यात गुंडाळून, काच न फोडता. एक मिशीवाला राजा होता, पगडीत हिरा.

"आत्या, हा मामांजींसारखा दिसतो बगा."

"तुझ्या सासऱ्याकडं तेवढा हिरा असता तर मी उन्हात काळी झाले नसते."

आमचं दोघींचं फार पटायचं असं नाही. ती भाकरी जाड थापते, मी बोलून दाखवते, ती भांडी आपटते. पण चित्रं पुसायची तर आम्ही दोघी मिळून पुसायचो. कोण कुणाशेजारी लावायचं यावर बोलायचो. एवढं बोलणं दुसऱ्या कशावर होत नव्हतं.

एकदा चौकट चांगली पण आतलं चित्र पाण्यानं गेलेलं, असं एक मिळालं. ते आठ दिवस रिकामं पडलं होतं. सून तेव्हा पाच महिन्यांची गरोदर होती. ती शिरूरला तपासायला गेली आणि येताना फोटोच्या दुकानात शिरली. नथ घालून, डोक्यावर पदर घेऊन, तोंड एका बाजूला करून, हातात प्लास्टिकचा गुलाब धरून तिनं फोटो काढला. दुकानदारानं तो तांबूस, जुन्यासारखा करून दिला. घरी येऊन तिनं चौकटीत बसवला आणि रांगेत धरला.

"आत्या, वळखा मी कुठली."

मला क्षणभर खरंच ओळखू आली नाही. चौकटीत जिवंत माणूस लावत नाहीत हे मला माहीत होतं. तिला तिथंच सांगायला पाहिजे होतं. ती खूश होती, आणि रांगेत ते शोभतही होतं. खिळा मीच ठोकला.

आता त्या दुपारचं. घरात शिरायच्या आधी मी जावेच्या दोन्ही लेकांना गाठलं होतं. घोड्यासारखे धट्टेकट्टे. त्यांना मी हात जोडले.

"काकू, आज अमुशा," थोरला म्हणाला. "आजच्या दिशी अंगातलं रगत काढत न्हाईत. उद्या येतो."

"उद्या कुणाला देतो?"

"आन महिन्यावर कोयता आलाय. अंगात ताकद नको का?" धाकटा म्हणाला.

गावात आणखी कुणाचे पाय धरावेत याचा विचार करत मी घरात आले आणि तो हार दिसला.

जाऊ बसल्या जागेवरून उठली. तिनं हार ओढून काढला, फुलं जमिनीवर सांडली. पदरानं तिनं बुक्का पुसला, तो पुसून निघाला तरी पुसत राहिली. मग माझ्याकडं न बघता ती बाहेर गेली. लेकांना म्हणाली ते मी दारातून ऐकलं.

"उठा. माज्या हातानं जित्या बाईला हार पडलाय. आता ती गेली तर ती म्या मारली."

"आये, अमुशा हाय."

"अमुशाचं माझं मी बघते. गाडीत बसता का मी जाऊन माझं रगत देऊ?"

दोघे गाडीत बसले.

हार घातल्यानं कुणी मरत नाही. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, तेव्हाही नव्हता. हे मला जावेला सांगता आलं असतं, तिचा जीव जरा खाली पडला असता. मी सांगितलं नाही. मी हात जोडले तर तिची पोरं हलली नव्हती, तिच्या भीतीनं हलली. ती भीती मला पाहिजे होती. जावेला मी हे अजून सांगितलेलं नाही. ती आजही माझ्या घरात आली की त्या भिंतीकडं पाठ करून बसते.

आम्ही पोचलो तेव्हा सुनेला ऑपरेशनला आत नेलं होतं. दोघांनी रक्त दिलं. हाराची गोष्ट त्यांनी माझ्या लेकाला सांगितली. तो माझ्यापाशी आला.

"आई, घरी गेल्याबरोबर ती समदी भुतं भंगारात घालतो."

"घाल," मी म्हटलं. "आधी हिला घरी ने."

बारा दिवसांनी नेलं. भिंतीशी उभी राहून तिनं रिकामा खिळा बघितला.

"माझा कुठाय?"

"ट्रंकेत."

तिनं मान हलवली. नवऱ्यानं पोतं आणलं होतं, ते तिनं त्याच्या हातातून घेतलं आणि घडी घालून ठेवून दिलं. चित्रं आहेत तिथं आहेत.

बाळ मुलगी होती. ती जगली नाही. सून जगली.