मावशीचं कोरं लिंबू

आमच्या मावशीला उभ्या गाडीतही गाडी लागायची. आर्वीच्या स्टँडवर एसटी नुसती घरघरायला लागली, की हिचा चेहरा पांढराफटक पडे आणि हात पिशवीतल्या लिंबाकडे जाई. नखानं साल खरवडायची, नाकाशी धरायची, डोळे मिटायचे. तळेगाव येईपर्यंत त्या लिंबाची पार दुर्दशा झालेली असे. गाव तिला लिंबूमावशी म्हणे आणि ती अशा थाटात ओ देई, की सरकारनं किताबच दिलाय!

चाळिशी उलटल्यावर या बाईनं एक शोध लावला. वावरातली वांगी अन् सांभार, म्हणजे कोथिंबीर, बाजारात न्यायला घरी छोटी पिकअप होती. ड्रायव्हर सारखा दांड्या मारतो म्हणून मावशी स्वतःच चालवायला शिकली आणि बघते तर काय, मळमळ गायब. "स्टीअरिंग माह्या हाती असलं का मले गाडी लागत नाई," ती सांगायची. त्यानंतर ती कुणाच्या शेजारी म्हणून बसली नाही. भाच्याच्या लग्नात तिनं नवरदेवालाच शेजारी बसवलं आणि वरात स्वतः हाकली. लिंबू मात्र डॅशबोर्डवर असायचंच, जुन्या सवयीनं.

त्या सुमाराला मी चांगली नोकरी सोडून, दोन मित्रांबरोबर पिपरी मेघेतल्या एका शेडमध्ये एक यंत्र बनवत होतो. गाडीच्या समोरच्या काचेवर वेगाचा आकडा, वळणाची खूण वगैरे उमटवणारं. म्हणजे ड्रायव्हरला मान खाली घालावी लागू नये. पुण्याची एक कंपनी ते घ्यायला तयार होती. अट एकच होती, खराब रस्त्यावर गाडी हादरत असतानाही त्या आकड्याचा डोळ्यांना त्रास होता कामा नये. जमलं नाही तर शेडला कुलूप.

मावशीच्या कानावर गेलं आणि ती पिकअप घेऊन शेडच्या दारात हजर. "बसव माह्या गाडीत. पाहू दे काय कमाल केली तं."

आम्ही बसवलं. आर्वीच्या वाटेवरचा उखडलेला रस्ता सुरू झाला आणि थोड्याच वेळात मावशीनं गाडी बाजूला घेतली, खाली उतरली आणि कडेच्या बाभळीला धरून उभी राहिली.

"काय झालं वं मावशी?"

"लेका, ते आकडे काऊन नाचून राह्यले? स्टीअरिंग माह्या हाती असून मले गाडी लागली!"

तिचा भयंकर अपमान झाला होता. मी मात्र मनात उड्या मारत होतो. आम्हाला तासाभरानं जरासं डोकं दुखायचं, त्यावरून काहीच नीट कळत नव्हतं. मावशीचं पोट चटकन निकाल देत होतं. त्या दिवसापासून चाचणी तिच्याच गाडीत आणि गाडी परत आली, की आधी लिंबू बघायचं.

आम्ही यंत्राखाली मऊ रबर घातलं. शेडमध्ये सगळी थरथर थांबली आणि आम्ही हुरळून पेढे वाटले. मावशी परतली तेव्हा लिंबाची सालच उरली नव्हती. "थरथर गेली, पण आता पाळण्यासारखं झुलून राह्यलं. मले तान्हं लेकरू समजला का?" मग रबर काढलं, यंत्र घट्ट आवळलं, आणि धक्का जाणवताच चित्र उलट्या दिशेला सरकवून जागेवर ठेवणारी जोडणी केली. ती क्षणभर उशिरा जागी व्हायची. पुन्हा ओरखडे.

एकदा मी अगदी रडकुंडीला आलो. "थोडं तरी बरं म्हण न वं मावशी." तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "मी तुह्यासाठी खोटं बोलली असती बाबू. पण पोट नाई बोलत."

त्या मायेनंच मला पुन्हा कामाला बसवलं. जोडणीचा उशीर आम्ही चिकाटीनं मोडून काढला. धक्का मोठा असला, की बाकी सगळं मिटून फक्त वेगाचा ठसठशीत आकडा राहील, असंही केलं.

पुण्याचे साहेब आले. गाडीची किल्ली मावशीच्या कमरेला. "जाताना मी चालवीन. वापस येताना तुम्ही चालवजा," तिनं त्यांना बजावलं. मी मागे वांग्यांच्या क्रेटांमध्ये बसलो आणि केबिनच्या उघड्या काचेतून तिच्या हाताकडे बघत राहिलो. उखडलेला रस्ता आला. हात लिंबाकडे गेला.

तिनं लिंबू उचललं आणि साहेबांपुढे धरलं. शेजारी बसलेले साहेब पांढरेफटक पडले होते. "घ्या साहेब. मले आज याचं काम नाई." लिंबावर एकही ओरखडा नव्हता! मी क्रेटांमध्येच नाचलो.

मावशी बाजारात उतरली. साहेबांनी स्टीअरिंग हातात घेतलं, त्याच रस्त्यावरून एक फेरी मारली आणि हसत परत आले. "आकडा जागचा हलला नाही. आणि मळमळही गेली! तुमचं काम पक्कं समजा."

मावशीनं वांगी तोलता तोलता मान वर केली. "मंग? माहं लिंबू द्या वापस."

शेड वाढली, माणसं वाढली. गेल्या वर्षी मावशी गेली. मी पोरका झालो, सरळच सांगतो. पण आमच्याकडे आजही चाचणीची गाडी लिंबू घेतल्याशिवाय निघत नाही. गाडी परत आली, की आकडा कसा होता, असं कुणी विचारत नाही.

"लिंबू?" आतून कुणीतरी ओरडतं.

आणि जमलं असेल त्या दिवशी फाटकातूनच उत्तर येतं, "कोरं!"